गोठ्याचं दप्तर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेंद्रिय दूध, अंडी आणि मांस यांच्या प्रमाणपत्रासाठी काय अटी असतात ते लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच गोष्टीची: वह्या. जनावरं सांभाळायला कुणाची ना नाही, लिहायचं म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या. माझंही तसंच होतं. वीस वर्षं गाई सांभाळल्या, त्यातली पहिली सात-आठ वर्षं माझी वही म्हणजे दारामागे टांगलेलं कॅलेंडर. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा दुसऱ्यांच्या गोठ्यातली दप्तरं तपासायचं काम पत्करलं. त्यामुळे चुका मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहेत, करणाऱ्याच्याही आणि पकडणाऱ्याच्याही.

ताई, माझ्याकडे अठरा जनावरं आहेत. प्रत्येकीची कुंडली मला तोंडपाठ आहे. रोज रात्री जेवण झालं की एक पान लिहितो. तरी तपासणीला आलेले निरीक्षक म्हणाले, नोंदी अपुऱ्या आहेत. अजून किती वह्या घालायच्या?

दादा, तोंडपाठ आहे हे उत्तमच. पण तुमचं तोंड काही अर्जाला टाचता येत नाही.

वह्या किती, हे निरीक्षक मोजत नाही. तो एक धागा पकडतो आणि ओढून बघतो. मी काय करायचे ते सांगते. गोठ्यात गेल्यावर आधी दप्तर मागत नसे. जनावरांत फिरायचे, एखादीच्या मानेवर हात ठेवायचे आणि कानातला बिल्ला वाचायचे. समजा २७ नंबर. मग म्हणायचे, आता काढा २७चं पान. कधीची? अमुक तारखेची. आई कोण? १९ नंबर. बरं, मग १९च्या पानावर त्याच तारखेला विण्याची नोंद आहे का? तिथून मागे नऊ महिने आणि आठ-दहा दिवस गेलं की रेतनाची नोंद सापडते का? दुधाच्या वहीत १९चं दूध विण्याआधी आटलेलं दिसतं का, आणि चिकाचे दिवस सोडून मग पुन्हा चढलेलं? २७ला लस टोचली म्हणता, तर त्या तारखेला औषधाच्या साठ्यातून एक मात्रा कमी झाली का?

चार वेगवेगळ्या पानांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली, की मी वही मिटायचे. तुमच्या एका रात्रीच्या पानावर हे होत नाही, कारण त्यावर सगळं एकाच सुरात लिहिलेलं असतं आणि त्याला साक्षीदार कुणी नसतो.

जुन्या दुकानदारांची पद्धत आठवा. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. दिवसभरात जे घडेल ते घडेल तसं रोजकीर्दीत, आणि मग ज्याचं त्याच्या खात्यावर. गोठ्यातही हेच करा. रोजकीर्द म्हणजे गोठ्यात टांगलेली छोटी वही. खाती चार पुरतात. एक, प्रत्येक जनावराचं पान: जन्म किंवा खरेदी, आई-बाप, माज, रेतन, विणं, शेवटी विकली की मेली. दुसरं औषधोपचाराचं. तिसरं, गोठ्यात जे जे आत आलं त्याचं. चौथं, बाहेर जे जे गेलं त्याचं: दूध, जनावर, मेलेलं वासरूसुद्धा. मेलेल्याची नोंद लोक हमखास विसरतात. दुःख होतं म्हणून लिहीत नाहीत, हे मला कळतं. पण वहीत जिवंत असलेलं वासरू गोठ्यात दिसलं नाही, तर ते गुपचूप विकलं असा अर्थ निघतो.

आता रात्रीचं. रात्रीपर्यंत २७ आणि २९ एक होतात. सकाळी जंतनाशक कुणाला पाजलं, उजवीकडच्या तिसरीला की चौथीला? म्हणून गोठ्यातली वही गोठ्यातच लिहायची, ओल्या हाताने, शेण लागलेल्या बोटांनी. बॉलपेन ठेवा; शाईचं पेन ओल्या कागदावर फुटतं आणि पेन्सिलीवर कुणी विश्वास ठेवत नाही. सुतळीने बांधा, नाहीतर पेन गव्हाणीत सापडतं. वही जरा उंच टांगा. माझी एकदा एका वासराने ओढली आणि तीन पानं खाल्ली. मी उरलेल्या पानावर तारीख घालून लिहिलं, ‘मागची तीन पाने वासराने खाल्ली. त्यातील नोंदींपैकी दुधाचे आकडे डेअरीच्या पावत्यांवरून पुन्हा लिहिले, बाकी मिळाल्या नाहीत.’ निरीक्षकांनी वाचलं, हसले, पावत्या पडताळल्या आणि पुढे गेले.

गाईला कासदाह झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. ओळखीचे एक जण सांगतात, वहीत लिहू नका, नाहीतर प्रमाणपत्र जाईल. दुसरे म्हणतात, औषध द्यायलाच नको होतं, सेंद्रियमध्ये चालत नाही. मी तर देऊन बसलो. आता?

दिलंत ते बरोबर केलंत. दुसऱ्या गृहस्थांना सांगा, की सेंद्रिय ठेवायचं म्हणून आजारी जनावराला औषध न देणं हाच नियमभंग आहे. अमेरिकेच्या नियमांत तर हे शब्दांत लिहिलंय: सेंद्रिय दर्जा टिकवण्यासाठी उपचार रोखायचे नाहीत. गाय तडफडत ठेवून वही स्वच्छ राखणाऱ्याचं प्रमाणपत्र माझ्या मते पहिल्यांदा काढून घ्यावं.

पहिल्या गृहस्थांचं ऐकलंत तर मात्र बुडाल. डॉक्टरांकडे केसपेपर आहे, औषधविक्रेत्याकडे बिल आहे, डेअरीत दुधाचे नमुने तपासले जातात. तुम्ही एकटे गप्प बसून काय होणार?

पुढे काय होतं ते तुम्हाला कोणता नियम लागू आहे त्यावर आहे. अमेरिकेत अँटिबायोटिक दिलेलं जनावर सेंद्रिय म्हणून कायमचं बाद; ते, त्याचं दूध, त्याचं मांस यातलं काहीच पुढे त्या नावाने विकता येत नाही. युरोपीय संघाचा २०१८/८४८ क्रमांकाचा नियम, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, तो इतका कडक नाही. तिथे बारा महिन्यांत रासायनिक औषधांचे तीन उपचार चालतात (ज्या जनावराचं उत्पादक आयुष्यच वर्षाच्या आत आहे त्याला एक). लस आणि जंतनाशक यात मोजत नाहीत. तीनच्या वर गेलं, तर ते जनावर पुन्हा रूपांतराच्या काळातून, म्हणजे साध्याचं सेंद्रिय होईपर्यंतच्या ठरलेल्या मुदतीतून, न्यावं लागतं. आणि प्रत्येक उपचारानंतर दूध किंवा मांस न विकण्याचा जो कायदेशीर काळ असतो, तो दुप्पट धरायचा, निदान ४८ तास तरी. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शक तत्त्वांतही हेच दुप्पट आणि ४८ तासांचं सूत्र आहे.

दुपटीचा हिशेब चुकतो, म्हणून एक करून दाखवते. बाटलीवर लिहिलंय, दूध ४ दिवस वापरू नये. म्हणजे ९६ तास. दुप्पट १९२ तास, आठ दिवस. हे मोजायचं शेवटच्या मात्रेपासून. पहिल्या इंजेक्शनपासून मोजणारे मी इतके पाहिलेत की विचारू नका. शेवटची मात्रा ५ तारखेला संध्याकाळी ६ वाजता दिली, तर मुदत १३ तारखेला संध्याकाळी ६ला संपते. तुम्ही संध्याकाळी ५ला धार काढता? मग १३ची संध्याकाळची धारही बाद. पहिलं चालणारं दूध १४च्या सकाळचं. म्हणून वहीत नुसती तारीख नको, वेळ हवी. बाटलीवर ‘शून्य दिवस’ असेल तर शून्याची दुप्पट शून्य म्हणून सुटका नाही. तिथे ४८ तास धरायचे.

नोंद कशी दिसावी? साधारण अशी:

‘तारीख २, सकाळी ७. बिल्ला २७. मागचा उजवा सड गरम, सुजलेला, दुधात गुठळ्या. डॉक्टर आले. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, कुठे टोचले, कुणी दिले. शेवटची मात्रा तारीख ५, संध्या. ६. दूध बंद १३ संध्याकाळच्या धारेपर्यंत. पायाला लाल पट्टी बांधली.’

त्याखाली रोज, वेगळ्या काढलेल्या दुधाचे लिटर आणि ते कुठे ओतलं. लाल पट्टी यासाठी, की तुम्ही गावाला गेलात आणि धार दुसऱ्याने काढली, तर त्याने वही वाचली नसली तरी पाय दिसतो. आणि ते दूध वासरांना पाजू नका. फेकवत नाही म्हणून पाजतात, आणि मग एका गाईचा प्रश्न तीन वासरांचा होतो.

माझी स्वतःची फजिती सांगते. विण्यानंतर कॅल्शियम कमी होऊन एक गाय बसली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली, तासाभरात गाय उभी. नियमात बसणारा उपचार. मी आनंदाच्या भरात वहीत दोन शब्द लिहिले: ‘इंजेक्शन दिले.’ बाटली टाकून दिली, केसपेपर मागितला नाही. सहा महिन्यांनी तपासणीत प्रश्न आला, कसलं इंजेक्शन? मी म्हटलं, कॅल्शियम. ते म्हणाले, हे कशावरून? कशावरूनच नाही. त्या गाईचं दूध त्या वेतापुरतं साध्या दुधात घालावं लागलं. तेव्हा राग आला होता. पुढे मी त्यांच्या जागी उभी राहिले तेव्हा कळलं, की दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. तेव्हापासून रिकाम्या बाटलीचं लेबल सोलून वहीत चिकटवते. भिजवलं की अलगद निघतं.

निरीक्षक म्हणाले, तुमच्या पेंडीचा ताळमेळ लागत नाही. मी सेंद्रिय सोडून एकही पोतं आणलेलं नाही, तरी संशय का? ताळमेळ म्हणजे नेमकं काय बघतात?

आत आलेलं, खाल्लेलं आणि उरलेलं यांची बेरीज-वजाबाकी. अमेरिकेत मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी हा ताळमेळ आणि मालाचा माग काढणं, दोन्ही प्रत्येक वार्षिक तपासणीचा सक्तीचा भाग केलाय. पण जाणता निरीक्षक हे आधीपासूनच करत आलाय.

तुम्ही आकडे पाठवलेत म्हणून बरं झालं. दहा गाई. अर्जात लिहिलंय, रोज प्रत्येकी ५ किलो पेंड. म्हणजे दिवसाला ५० किलो, वर्षाला १८,२५० किलो, ५० किलोची ३६५ पोती. बिलं आहेत २४० पोत्यांची. वर्षाच्या सुरुवातीला २० शिल्लक होती, शेवटी १०. म्हणजे वापरली २५०. मग उरलेली ११५ पोती गाईंनी कुठली खाल्ली? निरीक्षकाला यातून एकच दिसतं: बिल नसलेली, म्हणजे सेंद्रिय नसलेली पेंड मागच्या दाराने येते आहे.

चूक कुठे झाली ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिता, ‘भाकड गाईंना अर्थात कमी.’ हे ‘अर्थात’ वहीत कुठे आहे? दहापैकी सरासरी तीन गाई भाकड, त्यांना दीड किलो. दुभत्या सातांना, तुम्ही प्रत्यक्ष मापाने मोजलंत तसं, ४ किलो २०० ग्रॅम. दुभत्यांचे २९.४ आणि भाकडांचे ४.५, मिळून रोजचे ३३.९ किलो. वर्षाचे १२,३७३ किलो. वापरलेली २५० पोती म्हणजे १२,५०० किलो. फरक सव्वाशे किलोचा, अडीच पोत्यांचा. सांडलं, उंदरांनी खाल्लं. हे कुणालाही पटेल. उलट वर्षभराचा फरक अगदी शून्य आला असता तर मी जास्त बारकाईने बघितलं असतं.

तेव्हा अर्जात ‘प्रत्येकी ५ किलो’ असं गोल लिहू नका. दुभत्या, भाकड, कालवडी असे गट पाडा. गट बदलला, की त्या दिवशी रोजकीर्दीत एक ओळ: ‘१९ आजपासून भाकडांत.’ आणि ज्या डब्याने पेंड घालता तो एकदा काट्यावर भरून मोजा, वजन डब्यावर रंगाने लिहा. नव्या पेंडीचा दाणा जाड-बारीक असतो, तेव्हा पेंड बदलली की पुन्हा मोजा.

बिलाबरोबर आणखी दोन कागद लागतात. पोत्याला शिवलेली चिठ्ठी, ज्यावर लॉट क्रमांक असतो. प्रत्येक लॉटची एक ठेवली तरी चालते. आणि विकणाऱ्याच्या सेंद्रिय प्रमाणपत्राची प्रत, जी खरेदीच्या तारखेला चालू हवी. मुदत कालच संपलेली असेल, तर आजची पोती साधी पेंड झाली. पैसे देण्याआधी तारीख वाचा, नंतर वाचून उपयोग नाही.

बसायला घालता त्या भुशाचंही तसंच. गाय गादी खाते. सगळ्याच खातात, कुणी थोडी, कुणी निम्मी. म्हणून खाण्याजोगं काही अंथरत असाल तर तेही सेंद्रियच लागतं, अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट आहे, आणि त्याचंही बिल हवं. घरच्या शेतातलं असेल तर त्या शेताची वही: केव्हा पेरलं, काय घातलं, किती निघालं.

चरण्याची नोंद कशी ठेवायची? गाय किती गवत खाते ते कुणी मोजलंय?

गवत मोजता येत नाही, म्हणून गोठ्यात खाल्लेलं मोजायचं आणि वजा करायचं. अमेरिकेचा २०१०चा नियम म्हणतो, रवंथ करणारी जनावरं चराईच्या हंगामात, वर्षातून निदान १२० दिवस कुरणावर हवीत आणि त्या काळात त्यांच्या कोरड्या खाद्यापैकी सरासरी ३० टक्के तरी चरून मिळालेलं हवं. कोरडं खाद्य म्हणजे पाणी काढून उरलेलं. हिरवा चारा शंभर किलो घातला तर त्यात वीस-बावीस किलोच जिन्नस असतो, बाकी पाणी. वाळलेल्या गवतात मात्र शंभरातले ऐंशी-नव्वद. लोक ओल्या चाऱ्याचे किलो सुक्यात मिळवतात आणि हिशेब भलतीकडे जातो.

गाईला दिवसाला १२ किलो कोरडं लागतं असं धरलं आणि गोठ्यात तुम्ही ८ किलो घातलंत, तर ४ किलो तिने चरून खाल्लं. तेहेतीस टक्के, पास. वहीत रोज लिहायचं ते इतकंच: कितीला सोडल्या, कितीला आणल्या, कोणत्या तुकड्यात. सोडल्या नाहीत तर का नाही. ‘पाऊस, कुरणात चिखल, खुरं सडतील म्हणून बांधून ठेवल्या’ हे कारण चालतं. कोरी जागा चालत नाही.

बाहेरून दोन दुभत्या गाई घेतल्या, साध्या गोठ्यातल्या. त्यांचं दूध सेंद्रियमध्ये केव्हापासून धरायचं?

युरोपीय नियमाने दुभत्या जनावराला सहा महिने. अमेरिकेत साध्या कळपाला बारा महिन्यांत सेंद्रिय करायची संधी एका शेतकऱ्याला एकदाच मिळते. त्यानंतर येणारं जनावर आईच्या गाभणकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागापासून सेंद्रिय वाढलेलं हवं. तुमची प्रमाणन संस्था यापैकी काय लावते, की तिसरंच काही, ते गाई घेण्याआधी तिच्याकडून लेखी घ्या. तोंडी नको.

मांसासाठीचा हिशेब आणखी वेगळा. युरोपात गोवंशाला बारा महिने तर हवेतच, शिवाय आयुष्याचा तीन-चतुर्थांश काळ सेंद्रिय पद्धतीत गेलेला हवा. आठ महिन्यांचं वासरू आणलंत तर बारा महिने पुरणार नाहीत, चोवीस लागतील. तेव्हा ते बत्तीस महिन्यांचं होईल आणि त्यातले चोवीस तुमच्याकडचे. म्हणून खरेदीच्या पावतीवर जन्मतारीख घ्या. ‘अंदाजे वर्षाचं’ एवढ्यावर कुणीही हिशेब करू शकत नाही.

गाय आली त्या दिवशी बिल्ला तपासा, पावतीवरचा आणि कानातला क्रमांक एकच आहे ना ते बघा. आणि तिचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, रंग लावलेल्या. मुदत संपेपर्यंत.

मी अंड्यांवरच्या कोंबड्या पाळते. दोनशे पक्ष्यांची पानं कशी लिहू?

लिहायची नाहीत, बाळ. कोंबड्यांचं खातं तुकडीचं असतं. तुकडीला क्रमांक द्या. आल्या किती, कुठून, किती दिवसांच्या. अमेरिकेत पिल्लू वयाच्या दुसऱ्या दिवसापासून सेंद्रिय लागतं. युरोपात साधं पिल्लू तीन दिवसांच्या आत आणलं, तर अंड्यांसाठी सहा आठवडे आणि मांसासाठी दहा आठवडे रूपांतर. मग रोज एक ओळ: मेल्या, उरल्या, अंडी, खाद्य. ‘उरल्या’ हा रकाना वजाबाकीने भरत जाऊ नका. महिन्यातून एकदा रात्री, पक्षी काठीवर बसलेले असताना, प्रत्यक्ष मोजा. कोल्हा-मांजर काही नोंद करून नेत नाही.

एका ठिकाणी मी १४८ कोंबड्यांची १६१ अंडी बघितली होती, तीही सलग चार दिवस. घरधनीण बिचारी खरीच होती. शेजारच्या खुराड्यातल्या साध्या कोंबड्या हिच्याकडे येऊन घालून जात. पण ती अंडीही सेंद्रियच्या टोपलीत गेली होती. वहीने ते दाखवलं, डोळ्यांना दिसलं नव्हतं. कुंपणाचं भोक त्याच दिवशी बुजवलं.

वहीत खूप खाडाखोड झाली आहे. तपासणीआधी नवीन वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढू का?

नको. अजिबात नको.

मळकी, कोपरे दुमडलेली, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली, मध्येच धाकट्याने काढलेल्या चित्राची वही हातात आली की माझा जीव भांड्यात पडायचा. वर्षभर एकच पेन, एकच वळण, एकही डाग नाही, अशी वही आली की मी पाणी मागायचे आणि सावकाश बसायचे. अशाच एका सुंदर वहीत ३० फेब्रुवारीला सगळ्या गाईंना लस टोचलेली सापडली होती. एका बैठकीत, महिन्यामागून महिना उतरवत गेलं की असं होतं.

चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, आजची तारीख, आद्याक्षरं. पांढरी शाई घरात ठेवूच नका. नोंद राहून गेली आणि चार दिवसांनी आठवली, तर ती आजच्या तारखेखाली लिहा: ‘दि. ११ रोजी ३१ला जंतनाशक दिले, नोंद राहिली होती, आज केली.’ मधल्या ओळीत कोंबू नका. आणि जुनी वही भरली की रद्दीत नको. अमेरिकेत नोंदी पाच वर्षं जपायची अट आहे, मी तर गाय जिवंत असेपर्यंत आणि वर पाच वर्षं जपते.

मोबाइलवर नोंदी ठेवल्या तर चालतील का?

चालतात. फोटो तर फारच कामाचे. बाटलीचं लेबल, पोत्याची चिठ्ठी, पायाची पट्टी, सगळ्यांवर तारीख-वेळ आपोआप राहते. फक्त फोन पाण्याच्या हौदात पडतो, हे धरून चाला आणि दर आठवड्याला दुसरीकडे प्रत काढा. आणि ॲपमध्ये जुनी नोंद बदलली तर आधीची काय होती ते दिसतं का, हे एकदा तपासा. दिसत नसेल तर ती खाडाखोड पांढऱ्या शाईचीच.

माझे वडील सकाळ-संध्याकाळ धारा काढतात. त्यांना लिहिता येत नाही. ते गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारतात. मी नोकरीवरून संध्याकाळी येऊन वही लिहितो. निरीक्षकांना हे कसं दाखवू? लाज वाटते.

लाज कसली? तुमच्या घरात रोजकीर्द भिंतीवर आहे आणि खतावणी कागदावर, एवढंच. शिवाय तुमच्या वडिलांची नोंद ही जागेवरची, त्याच क्षणाची. आधी म्हटलं ना, मला तीच लागते.

दोन-तीन गोष्टी करा. भिंतीचा तो तुकडा चुन्याने पांढरा करा आणि आठवड्याचे सात उभे रकाने पाडा. गाईंची खूण त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्या मनात प्रत्येकीची खूण आधीच असेल. रोज संध्याकाळी वहीत उतरवण्याआधी भिंतीचा फोटो काढा. रविवारी फोटो बघून मगच भिंत पुसा. वहीत तुमच्या सहीजवळ लिहा, ‘वडिलांच्या भिंतीवरील नोंदीवरून.’ औषध दिलं त्या दिवसासाठी एक वेगळी, मोठी खूण हवी, लांबून दिसणारी. ती दिसली की तुम्ही त्यांना विचारायचं आणि त्यांनी जपून ठेवलेली बाटली बघून नाव लिहायचं. बाटली ठेवायला भिंतीजवळच एक खोकं ठोका.

आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या खुणांची यादी करा: आडवी रेघ म्हणजे लिटर, अर्धी रेघ म्हणजे अर्धा, गोल म्हणजे माज, फुली म्हणजे दूध बाजूला काढलं. त्यांना शेजारी बसवून करा, कारण काही खुणांचे अर्थ तुम्ही समजता त्याहून वेगळे निघतील. त्या पानाखाली तुमची सही आणि त्यांचा अंगठा.